घरंगळलेले लिंबू

शास्त्राचा शिक्षक म्हणून मी ३१ वर्षे साताऱ्याच्या एका शाळेत काढली. त्या ३१ वर्षांत उष्णतेच्या प्रकरणापाशी आलो की माठाचे उदाहरण द्यावयाचे आणि मुलांनी ते वहीत उतरून घ्यावयाचे, हा क्रम कधी चुकला नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, वाफ होण्यास लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते व म्हणून ते पाणी गार होते. हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की झोपेतही ते माझ्या तोंडून न अडखळता बाहेर पडेल. परंतु एखादी गोष्ट सांगता येणे आणि ती कळणे या दोहोंत केवढे अंतर आहे, याचा उलगडा मला सेवानिवृत्तीनंतर, आणि तोही अमेरिकेतील एका वाळवंटात झाला. त्याला कारण झाले एक लिंबू.

आमचे चिरंजीव युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे असतात. जूनच्या आरंभी त्यांनी आम्हां उभयतांना मोअॅबच्या बाजूचे तांबड्या दगडांचे मुलूख दाखविण्याचा बेत केला. मोटारीच्या मागे जोडावयाचे एक चाकांवरचे घर त्यांनी घेतले होते. त्याला तिकडे ट्रेलर म्हणतात. आत चार माणसांपुरते बिछाने, बोटभर ओटा, मेज, आणि कोपऱ्यात एक लहानसे शीतकपाट. गावोगाव अशा घरांसाठी तळ असतात. तेथे भाडे भरले की वीज व पाणी यांची जोडणी मिळते. परंतु चिरंजिवांना त्या गर्दीचा तिटकारा. केंद्र सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याच्या ताब्यात तेथे अफाट जमीन आहे व तिच्यावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. तेथे वीज नाही, नळ नाही, शेजार नाही. आम्ही गेलो ते अशाच ठिकाणी.

"मग दूध कसे राहणार?" हा हिचा पहिला प्रश्न. त्यामागचा खरा प्रश्न दुधाचा नव्हता. गेली नऊ वर्षे हिला इन्शुलिन घ्यावे लागते. चालू असलेली लेखणी ३० अंश सेल्सियसच्या आत बाहेर ठेवली तरी महिनाभर चालते. परंतु न उघडलेल्या लेखण्या २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, आणि गोठल्या तर टाकूनच द्याव्या लागतात. साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्या देशात चालत नाही. म्हणजे बरोबर आणलेला साठा हाच काय तो आधार.

चिरंजिवांनी समजूत घातली, "आई, हे कपाट गॅसवर चालते. विजेची गरजच नाही."

ज्योत लावून थंडी उत्पन्न करावयाची, ही कल्पना हिला थट्टेची वाटली. माझ्यातला शिक्षक मात्र जागा झाला. १९२२ साली स्टॉकहोम येथे बाल्ट्सार फॉन प्लाटेन व कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधून काढली. पाण्यात अमोनिया विरघळलेला असतो. ज्योतीने ते पाणी तापले की अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या नळ्यांत निवून तिचा द्रव होतो, आणि तो द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात आला की त्याची पुन्हा वाफ होते. त्या वाफेला लागणारी उष्णता कपाटाच्या आतून ओढली जाते. पुढे अमोनिया पाण्यात विरघळून खाली उतरतो व चक्र पुन्हा सुरू होते. सबंध यंत्रात हलणारा भाग एकही नाही. हे सर्व मी हिला वाटेत, चार तासांच्या प्रवासात, सविस्तर समजावून दिले. हिने ते ऐकूनही घेतले.

मुक्कामावर पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. समोर ला साल पर्वतांच्या माथ्यावर अद्याप बर्फ दिसत होते आणि आमच्या पायाखालचा खडक मात्र दिवसभराच्या उन्हाने धगधगत होता. चिरंजीव थकले होते. पुढच्या टेकूने त्यांनी घर मागेपुढे सारखे केले; चाकांखाली फळ्या घालावयाचे काम सकाळवर ठेवले. जेवणाच्या वेळी हिने परडीतून लिंबू काढून मेजावर ठेवले. ते घरंगळत गेले, खाली पडले आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"अहो, घर कलते आहे," ही म्हणाली.

"चाकांवरचे घर आहे ते. लिंबूच घरंगळले यात समाधान मानावे. घर नाही घरंगळले!" मी म्हणालो. सगळे हसले. हीही हसली. लिंबू उचलून तिने वाटीत ठेवले.

पहाटे उठून हिने कपाटाचे दार उघडले. मी बिछान्यातून पाहिले, तर ही हात आत घालून तशीच उभी होती. मी बरोबर नेलेली उष्णतामापक नळी आत ठेवली. ४० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साडेचार सेल्सियसच्या आत असावयास हवा तो पारा ५४ वर होता. ज्योत तर जळत होती! कारण माझ्या लक्षात यावयास दोन मिनिटे लागली, आणि ती दोन मिनिटे माझ्या व्यवसायाला शोभणारी नव्हती. यंत्रात हलणारा भाग नाही, पंप नाही. मग आतला द्रव वाहतो कशाने? केवळ स्वतःच्या वजनाने, उताराच्या आधाराने. म्हणून ते कपाट समतल जागी उभे असावे लागते. कलले की द्रव नळ्यांत अडून बसतो, खालचा भाग वृथा तापत राहतो आणि थंडी बंद पडते. फार दिवस असे चालले तर यंत्र कायमचे निकामी होते. लिंबाने हे आदल्या रात्रीच सांगितले होते. ज्या माणसाने चार तास त्या यंत्राचे वर्णन केले, त्याला लिंबाची भाषा तेवढी कळली नव्हती.

लेखण्या अद्याप सुरक्षित होत्या. ५४ अंशांनी त्यांचे काही बिघडत नव्हते. भीती होती ती चढत्या दिवसाची. दुपारी त्या पत्र्याच्या घरात काय होणार हे सर्वांना दिसत होते, आणि असले कपाट एकदा तापले की पुन्हा निवावयास बहुतेक सबंध दिवस घेते.

चिरंजिवांनी मोटार पुन्हा जोडली. कपाटाची बाहेरची जाळी आदल्या रात्री पश्चिमेला आली होती. म्हणजे दुपारचे ऊन नेमके तापल्या नळ्यांवर पडणार. घर फिरवून ती बाजू उत्तरेला घेतली. खालच्या अंगाच्या चाकाखाली फळ्या घातल्या. समतल पाहावयाचे साधन घरी राहिले होते. तेव्हा मी कपाटाच्या तळाशी पसरट ताटली ठेवून तीत पाणी ओतले व काठाशी पाणी चहूकडे सारखे येईपर्यंत एकेक फळी वाढविली. मग चिरंजीव बर्फ आणावयास गावाकडे निघाले. "बारीक खडे आणू नकोस, मोठी लादी आण," मी म्हणालो. लादीचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने लहान, म्हणून ती सावकाश वितळते.

ते परत येईतो दुपार होणार होती. हिने कोणास काही विचारले नाही. लेखण्या पिशवीत बांधून स्टीलच्या डब्यात घातल्या, माझा पंचा पाण्यात भिजवून डब्याभोवती गुंडाळला, आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी तो डबा ताटलीत ठेवला. पंच्याचे एक टोक ताटलीतल्या पाण्यात सोडले.

"लहानपणी आमच्याकडे दुधाचे पातेले ओल्या वाळूत ठेवून वरून असेच फडके घालीत," एवढेच ती म्हणाली.

मी नळी डब्यात ठेवली. बाहेर सावलीत ९५ अंश. डब्यात तासाभराने ६६, म्हणजे १९ सेल्सियस! एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. तेवढ्याच पाण्याची वाफ होताना सुमारे ५८०. पंच्यातून उडून जाणारा पाण्याचा प्रत्येक थेंब बर्फाच्या सात थेंबांचे काम करीत होता. अर्थात हा वाळवंटाच्या कोरड्या हवेचा प्रसाद. कोकणात पावसाळी हवेत माठ जसा निरुपायाने घामेजून बसतो, तसे येथे नव्हते. हे आकडे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले असतील. परंतु त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या डब्यात माझ्या बायकोचे पुढचे आठ आठवडे होते.

त्या सावलीत बसून पंच्यावर पाणी शिंपडताना मला एक जुनी हकीकत आठवली. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला होता. पुढे मद्रासेस त्या व्यापारासाठी १८४२ साली बांधलेले बर्फगृह अद्याप समुद्रकाठी उभे आहे. अमेरिकेने हिंदुस्थानास बर्फ पुरविला. आज साताऱ्याची एक बाई अमेरिकेच्या माळावर ओला पंचा गुंडाळून त्याची परतफेड करीत होती. हा विनोद मला फार आवडला, पण तो मी हिला सांगितला नाही. आदल्या रात्रीच्या विनोदाचे फळ समोर ताटलीत ठेवलेले होते.

चिरंजीव दोन लाद्या घेऊन आले. दूध, दही, चक्का ही किती वेळ उष्ण राहिली होती ते कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून ती टाकावी लागली. अन्न टाकताना हिने मान फिरविली. नवे दूध लाद्यांसह पेटीत गेले. लेखण्याही बर्फात ठेवू, असे सूनबाईंनी सुचविले, ही म्हणाली, "नको ग. बर्फाला टेकल्या आणि गोठल्या तर हातच्या जातील. माझा पंचाच बरा." तो पंचा रात्री दहापर्यंत मी ओला ठेवला.

मला दिवसभर एका वाक्याची भीती वाटत होती: "रात्री मी सांगितले होते ना?" तसे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. सकाळी तिने ते म्हटले नाही, दुपारी म्हटले नाही, निजण्यापूर्वीही म्हटले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने न बोललेली अशी वाक्ये किती असतील, हा हिशेब मी त्या रात्री अंथरुणात मांडून पाहिला, आणि अर्ध्यावर सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पारा ३८ वर आला होता. हिने लेखण्या कपाटात ठेवल्या, दार लावले, आणि वाटीतले ते लिंबू काढून मेजावर ठेवले. ते जागचे हलले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

आता साताऱ्यास परत आलो आहोत. येथे घर दगडविटांचे आहे व ते कोठे कलत नाही. तरीही वीज गेली की मी पुस्तक बाजूस ठेवतो आणि फडके भिजविण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हिला विचारतो, "तुला काय वाटते?"