गिऱ्हाईक कोण?

मराठीच्या प्राध्यापकाला बाजार कळत नाही, असे आमच्या घरात सर्वांचे ठाम मत आहे. गेल्या दिवाळीपर्यंत मी ते मान्य करीत नव्हतो.

झाले असे की, धनत्रयोदशीच्या आधी चिरंजीवांनी कन्सोल मागितला. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम म्हणजे कन्सोल, एवढे मला ठाऊक होते. "धुळ्याला आत्याकडे आहे तसाच हवा हं, बाबा," असे त्याने दोनदा बजावले होते. आत्याकडे सोनीचा प्लेस्टेशन 5 आहे. जळगावच्या दुकानात पाहतो, तर त्याच फळीवर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस. आकाराने लहान आणि किमतीने बराच कमी.

"दोघांत फरक काय हो?" मी विचारले.

"सर, शेवटी दोन्हींवर गेमच खेळायचे ना!"

मला पटले. दोन पंख्यांतून एक निवडावा तसा मी स्वस्त तो उचलला, उरलेल्या पैशांत हिच्यासाठी साडी घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आलो. चिरंजीवांनी खोके उघडले, "थँक्यू, बाबा" म्हटले आणि ते गप्प झाले. त्या गप्प होण्याचा अर्थ मला भाऊबीजेपर्यंत लागला नाही.

माझे बालपण धुळ्यात गेले. 1994 च्या सुमारास आमच्या गल्लीत तीन घरी तीन निरनिराळ्या नावांचे व्हिडिओ गेम होते. नावे वेगळी, पण पोटातली विद्या एकच. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 साली काढलेल्या फॅमिकॉमच्या त्या नकला. म्हणून एका घरची कॅसेट दुसऱ्या घरी बिनतक्रार चाले. कॅसेटवर हजारो खेळांचे आश्वासन असे आणि आत पाच-सहाच निघत. चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची. ताई आणि मी जोडीने 'कॉन्ट्रा' खेळत असू. तेव्हा कुणी कोणते यंत्र घेतले याने काही बिघडत नसे. ते विकणारे खरोखरच एका गिऱ्हाइकासाठी झगडत होते. स्वस्त देईल तो जिंके. माझे बाजारज्ञान तिथेच थांबले होते.

भाऊबीजेला एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने धुळ्याला पोहोचलो. ओवाळणी झाली, शेवभाजीचे जेवण झाले. भाच्याने मोठ्या प्रेमाने 'स्पायडरमॅन'ची डिस्क चिरंजीवांच्या हाती ठेवली. "घेऊन जा, माझं खेळून झालंय." याने ती उलटसुलट पाहिली आणि हळूच परत केली. "आमच्यात डिस्क घालायला जागाच नाही रे. आणि हा गेम त्याच्यावर येतही नाही." बाबांनी भलताच आणला, असे मात्र तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला सोपे गेले असते.

ताई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "अरे, त्याला यंत्राची हौस नव्हती. रात्री जेवणं झाली की तिकडून तो आणि इकडून हा, असं मिळून खेळायचं दोघांनी ठरवलं होतं."

परतीच्या एस.टी.त मुलगा खांद्यावर डोके टेकून झोपला आणि मी विचार करीत बसलो. सोनी आणि निन्टेंडो यांनी 2006 च्या नोव्हेंबरात आपापली नवी यंत्रे विकायला काढली. सोनीच्या प्लेस्टेशन 3 ला मुरलेले खेळाडू मिळाले. निन्टेंडोचा वी हात हलवून खेळायचा, म्हणून आजी-आजोबाही त्याच्यासमोर उभे राहिले. पुढे वी 10 कोटींहून अधिक खपला आणि प्लेस्टेशन 3 देखील 8 कोटींच्या वर गेला. आमच्या खानदेशात भरीत खपले म्हणून शेवभाजी उरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग स्पर्धा होते ती कुणासाठी? ज्याचे मित्र एका यंत्रावर जमले आहेत, त्याला दुसरे फुकट दिले तरी ते परकेच. माझ्या मुलापुढे निवड अशी कधी नव्हतीच. त्या फळीवर दोन बलाढ्य कंपन्या ज्या एका गिऱ्हाइकासाठी झुंजत होत्या, ते गिऱ्हाईक मी होतो. ज्याला ना खेळायचे होते, ना कुणाबरोबर खेळायचे आहे हे विचारायचे सुचले होते.

वाट काढली ती मुलांनीच. 'माइनक्राफ्ट' बनविणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने 2014 साली विकत घेतली, तरी तो खेळ सोनीच्या यंत्रावरही विकला जातो. आणि 2019 च्या डिसेंबरपासून दोन्हींकडची मुले तो एकत्र खेळू शकतात. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या कुंपणात एवढी फट ठेवली आहे. त्या फटीतून आता जळगाव आणि धुळे रोज रात्री मिळून एक घर बांधतात.

परवा ताईचा फोन आला. "आपल्या दोघांना खेळता येईल असं काही मिळतं का रे?"

या खेपेस मी दुकानात गेलो नाही. आधी चिरंजीवांना विचारले.