लोणारच्या काठी हिवाळी पाहुणे

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण लोणारचे खारे सरोवर आहे. उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. २०२० साली त्याचे नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. कापूसवेचणीतून एक दिवस काढून मुलाबाळांसह पहाटेच जावे.

काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या टोच मारीत हिंडतो. नारिंगी चक्रवाक बहुधा जोडीने दिसतो. त्याची वीण लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी. म्हणजे हिमालय ओलांडून आलेला पाहुणा! शेपटी हलवणारा धोबी तर हिवाळ्यात आपल्या शेतातही येतो.

फोटोसाठी पोरे पुढे धावतात आणि थवा उठतो. उठत्या थव्याचे चित्र झकास दिसते खरे, पण पाखरांची चरण्याची वेळ बुडते, अंगची चरबी जळते. परतीच्या प्रवासाची तीच शिदोरी असते. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन, भडक कपडे टाळून झुडपाआड गप्प बसावे. पुष्कळदा पाखरे चरत चरत स्वतःच जवळ येतात.

घरी आल्यावर मुलांनी तारीख आणि पाखरांची संख्या वहीत टिपावी. पुढल्या हिवाळ्यात ताडून पाहता येते.