दोन झेंड्यांच्या मधला समुद्र

मैत्रिणींनो, डिसेंबर-जानेवारीत आपण डिंकाचे लाडू वळायला घेतो ना, तेव्हा तिकडे ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा असतो. शाळांना मोठी सुट्टी! त्याच सुट्टीत आम्ही दोघं मेलबर्नला लेकीकडे गेलो होतो. “आई, तीन दिवस गाडीनं समुद्राकाठानं जाऊ या,” लेक म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

तुम्ही म्हणाल, कोकणात वाढलेल्या बाईला समुद्राची कसली भीती? अहो, कोकणात वाढले म्हणूनच! मी तेरा वर्षांची असताना माझा चुलतभाऊ आमच्या गावच्या समुद्रात गेला. पट्टीचा पोहणारा मुलगा. “समुद्रानं ओढून नेलं,” एवढंच घरात बोललं गेलं. त्यानंतर मी कधी घोट्यापलीकडे पाण्यात गेले नाही.

पण नातीचा हिरमोड कोण करणार? थालीपिठं केली, आवळासुपारी घेतली आणि निघालो.

टॉर्की या गावापासून ‘ग्रेट ओशन रोड’ सुरू होतो. २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खोदला. युद्धात कामी आलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून! वाटेत त्याची लाकडी कमान लागते. पुढे एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला निळंशार पाणी. वळणं तर अशी, की आवळासुपारी कामी आली बरं का!

लॉर्नच्या किनाऱ्यावर ही गर्दी! वाळूत अर्धे लाल, अर्धे पिवळे असे दोन झेंडे रोवलेले आणि सगळी माणसं त्या दोन झेंड्यांच्या मधेच डुंबत होती. बाकीचा एवढा मोठा किनारा मोकळा! “जीवरक्षकांचं लक्ष तेवढ्याच भागावर असतं, आजी,” दहा वर्षांच्या नातीनं सांगितलं.

आमच्या ह्यांना मात्र गर्दी नको. पुढे एका लहानशा, झेंडे नसलेल्या किनाऱ्यावर थांबलो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला एक पट्टा मात्र अगदी शांत, जरा गडद. “इथे बघ कसं संथ आहे,” म्हणत हे पॅन्ट दुमडून निघाले. तोच नात किंचाळली, “आजोबा, तिथे नको! तो रिप आहे!”

हे चिडलेच. “मला समुद्र शिकवतेस?” नातीनं काही न बोलता वाळूतला एक लाकडाचा तुकडा त्या शांत पाण्यात भिरकावला. बघता बघता तो आत, आणखी आत गेला आणि ठिपका होऊन दिसेनासा झाला. हे मुकाट्यानं मागे फिरले.

मग तिनं समजावलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट म्हणजे रिप. तिथे लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा सुरक्षित वाटते. ती माणसाला खाली बुडवत नाही, आत नेते. घाबरून किनाऱ्याकडे हात मारत राहिलं, की पोहणाराही दमतो. अशा वेळी तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला, लाटा फुटतात तिकडे सरकायचं.

मी वाळूत बसूनच राहिले. पट्टीचा पोहणारा तो मुलगा किनाऱ्याकडेच हात मारत राहिला असेल का हो? समुद्राला दोष देऊन आम्ही गप्प बसलो. कसा ओढतो, हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अपोलो बेला झेंडे दिसले. सलवार दुमडली, नातीचा हात धरला आणि दोन झेंड्यांच्या मधे गुडघाभर पाण्यात उभी राहिले. पाणी बर्फासारखं गार! पण किती वर्षांनी मी समुद्रात मोठ्यानं हसले!

शेवटचा मुक्काम पोर्ट कॅम्पबेलचा. जवळच समुद्रात उभे असलेले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाचे सुळके. लाटांच्या माऱ्यानं त्यातला एक २००५ साली ढासळला. शेजारच्या खाडीपाशी १८७८ साली ‘लॉक आर्ड’ जहाज फुटलं. ५४ माणसांतली फक्त दोन वाचली. तिथे मी नकळत हात जोडले.

जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. विमानतळावर नेलेला खाऊ लपवू नका, फॉर्मवर सगळा लिहा, नाहीतर दंड भरावा लागतो. आणि ऊन आपल्याला सवयीचं म्हणून हसू नका. टोपी, लांब बाह्या आणि उन्हाचं क्रीम हवंच.

पण तिकडे जा न जा, पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्या कोकणात तर जालच ना? तेव्हा तो शांत, गडद पट्टा त्यांना आधी दाखवा. पाण्यात नंतर उतरा.