बत्तीस घोड्यांची रांग

एकट्याने घोडा दौडवणे ही एक विद्या आहे. आजूबाजूला एकतीस घोडे असताना तो चालवणे ही निराळीच. कॅनडातील ओटावा येथील सरकारी पागेत दाखल होणाऱ्या तरुण पोलिसांना हा फरक प्रथम अंगाला कळतो, मनाला पुष्कळ उशिरा उमगतो.

रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या दलाची स्थापना 1873 मधली. त्या काळी घोडा हेच शिपायाचे वाहन होते. रिकाम्या वेळी घोडदळाच्या कवायतीला संगीताची जोड मिळाली आणि 1887 मध्ये रेजायना येथे तिचा पहिला रीतसर प्रयोग झाला. आज गस्त मोटारीने घातली जाते. घोडे उरले ते मुख्यतः या संगीत-कवायतीसाठी. बत्तीस काळेभोर घोडे, लाल अंगरख्यातील बत्तीस स्वार, हाती भाला, भाल्याला तांबडी-पांढरी पताका. यातील स्त्री-पुरुष सारेच पेशाने पोलीस. बहुतेकांनी त्यापूर्वी कधी रिकिबीत पाय घातलेला नसतो. घोडा सरकारचा, स्वारी आपली. मराठेशाहीच्या भाषेत बोलायचे तर हे सारे बारगीर. सुमारे तीन वर्षे घोड्यावर काढायची आणि मग पुन्हा नेहमीच्या नोकरीवर रुजू व्हायचे.

या कवायतीचा लाभ काय, असे विचारल्यास पाठीचा कणा ताठ होतो, मांड बळकट होते, तोल सुधारतो, हे कोणीही सांगेल. ते खरेही आहे. पण तेवढे तर एकट्याच्या रपेटीतूनही मिळते. रांगेची खरी शिकवण वळणावर मिळते. चार घोडे खांद्याला खांदा लावून चाकाच्या आरीसारखे फिरतात, तेव्हा आतल्या टोकाच्या घोड्याला जवळजवळ जागच्या जागी पाय टाकावे लागतात आणि बाहेरच्याला लांब टांगा टाकत मोठा फेरा घालावा लागतो. ठेका एकच, अंतर मात्र प्रत्येकाच्या वाट्याला निराळे. प्रेक्षकांची नजर बाहेरच्या घोड्याच्या डौलावर खिळते. वास्तविक अवघड काम आतल्याचे असते, कारण पुढे जाण्याची ताकद असलेल्या जनावराला लगाम न खेचता आवरून धरायचे असते. ज्याला एकट्याने भरधाव जाण्याची सवय आहे, त्याला ही जागा शिक्षेसारखी वाटते.

त्याहून कठीण प्रसंग दोन रांगा तिरप्या येऊन एकमेकींतून आरपार जातात तेव्हाचा. समोरून येणाऱ्या दोन घोड्यांमधली फट आत्ता जिथे दिसते तिथे घोडा नेला, तर टक्कर ठरलेली. क्षणभराने ती जिथे असेल तिथे न्यावा लागतो. येथे घाई करणारा जितका घात करतो, तितकाच ‘आधी तुम्ही’ म्हणून थबकणाराही करतो. त्याच्या पाठीमागे आणखी घोडे असतात. प्रत्येकाचे वजन पाचशे किलोंहून अधिक. सौजन्याचाही असा धोका असू शकतो, हे फार थोड्या ठिकाणी इतक्या स्पष्टपणे शिकायला मिळत असेल.

घोडा संगीतावर नाचतो, ही समजूत गोड असली तरी उलटी आहे. साध्या चालीचे चार ठोके, दुडकीचे दोन, दौडीचे तीन. या पावलांशी जुळेल असे संगीत निवडले जाते. त्याचा खरा उपयोग स्वाराला. भ्यालेला माणूस श्वास रोखतो, मांड्या आवळतो, आणि ती भीती खोगिराखाली तत्काळ पोहोचते. कानावर ठेका पडत राहिला की श्वास चालू राहतो, हात सैल पडतो, घोडाही मान सोडतो.

घोड्याला यातून काय मिळते, हा प्रश्न सहृदय माणसाच्या मनात आल्याखेरीज राहणार नाही. त्याचे उत्तर घोड्याच्या वतीने देणे धाडसाचे ठरेल. एवढे मात्र दिसते की हा कळपात रमणारा प्राणी आहे आणि बुजऱ्या घोड्याला शांत, अनुभवी सोबती मिळाला की त्याचे कान हळूहळू निवतात. शिवाय रांगेत क्रूर हात चालत नाही. टाच जोरात मारली की घोडा उसळतो, आणि एक घोडा उसळला की चौघांची ओळ मोडते.

ओळ मोडतेच कधी कधी. तेव्हा शेजारचा स्वार मान वळवून रागाने पाहत नाही. तेवढी सवडच नसते. तो आपल्या घोड्याची टांग किंचित आखडती घेतो, मागे पडलेल्याला जागा देतो, आणि पुढच्या वळणापर्यंत ओळ पुन्हा सरळ झालेली असते. मैदानाभोवतीच्या गर्दीला बहुधा काही कळतही नाही.

या प्रयोगांतून गावोगावच्या लोकोपयोगी कामांसाठी निधी उभा राहतो. टाळ्या ओसरल्यावर स्वार खाली उतरतात, खोगीर सोडतात, घोड्याच्या पाठीवरचा घाम पुसतात आणि एकेक खूर उचलून त्यात खडा अडकला आहे का, ते पाहतात.