परकी डिस्क, १९०४ चा शक आणि चिचगडचे दप्तर

१/
इतिहासाच्या अभ्यासात ‘वाचता येत नाही’ आणि ‘काहीच नाही’ यांची गल्लत फार महागात पडते. मोडी येत नाही म्हणून घराघरांतून किती रुमाल रद्दीत गेले, याची गणती नाही. आजचा धागा अशाच एका दप्तराचा आहे. फरक इतकाच, की ते रुमालात बांधलेले नव्हते. हार्ड डिस्कवर होते. 🧵

२/
चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील जंगलपट्टीचे गाव. पूर्वी ही भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी. आधी नागपूरकर भोसले, १८५४ पासून इंग्रज, १८६१ पासून मध्य प्रांत, पुढे मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. गाव जागीच राहिले. दप्तराचे धनी बदलत गेले.

३/
१९५० च्या कायद्याने जमीनदारी आणि मालगुजारी संपली. जुन्या पावत्या, वाटणीपत्रे, निस्ताराचे कागद घरोघरच्या पेट्यांत पडून राहिले. आमच्या भागातील एक निवृत्त गुरुजी सायकलवर गावोगाव जाऊन त्यांची छायाचित्रे घेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. गुरुजी स्वतःला त्या वाटेवरचे हमाल म्हणवत.

४/
गुरुजी गेले. दरम्यान काही पेट्यांना वाळवी लागली, काही घरे पावसात बसली. अस्सल कागदांपैकी बरेच आता नाहीत. दोन वर्षांनी काकूंनी फडक्यात गुंडाळलेली डिस्क माझ्या हाती दिली. “याच्यात काही असन तं पाय बाबू. दुकानवाला म्हणते, खाली हाये.”

५/
दुकानदाराचे म्हणणे असे, की डिस्क उघडत नाही. ‘फॉरमॅट मारून’ नवी करून देतो. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता. परंतु फॉरमॅट म्हणजे दप्तरखान्याची जुनी बारनिशी फेकून कोरी वही ठेवणे. कागद काही काळ जागेवर असतात, पण कोणता कुठे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

६/
डिस्क मुळात काय असते? क्रमांक घातलेल्या लक्षावधी खणांची रांग. कोणत्या खणात कोणत्या फाइलचा कोणता तुकडा आहे, हे ज्या नियमांनी नोंदले जाते ती फाइल प्रणाली. प्रत्येक घराण्याच्या कारकुनाची जशी स्वतःची पद्धत, तशी प्रत्येक संगणक परंपरेची वेगळी. दुसऱ्याची पद्धत ठाऊक नसलेल्या संगणकाला भरलेला दप्तरखानाही रिताच भासतो.

७/
यावरचा उपाय जुना आहे. बेल लॅब्जमध्ये घडलेल्या युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या पुस्तिकेतच ‘माउंट’ हा आदेश आहे. त्या काळी डिस्कची चकती यंत्रावर हाताने चढवावी लागे, शब्द तिथला. त्यानंतर तिच्यातील फायली संगणकाच्या एकाच मोठ्या वृक्षाच्या एका फांदीवर दिसू लागत.

८/
लिनक्सचे टर्मिनल उघडले. सर्वप्रथम डिस्कची खणशः हुबेहूब प्रत काढली आणि मूळ डिस्क पुन्हा फडक्यात बांधली. पुढचे सारे प्रयोग प्रतीवर. जीर्ण पोथीची आधी नक्कल करावी, मग चर्चा करावी, हा नियम येथेही तोच.

९/
विभागांची यादी मागवली. दोन निघाले. पहिला २०० एमबीचा. तो जोडला, तर आत कामाचे काहीच नाही! क्षणभर दुकानदार खरा वाटला. मग आठवले, की मॅक संगणक मोठ्या डिस्कच्या आरंभी एवढाच एक छोटा विभाग स्वतःच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवतो. ती नुसती देवडी होती. वाडा पुढे होता.

१०/
दुसऱ्या विभागाच्या आरंभापासून १,०२४ बाइट सोडून पाहिले. तेथे दोन अक्षरे होती: ‘एच’ आणि ‘अधिक’. कागदावरचा शिक्काच तो. ही एचएफएस प्लस, ॲपलने १९९८ मध्ये आणलेली फाइल प्रणाली. गुरुजींना भाच्याने आपला जुना मॅक दिला होता, हे काकूंना नंतर आठवले.

११/
शिक्का पटला तरी वाचन सोपे नसते. जुन्या शिलालेखांत शब्दांनी सांगितलेले अंक उजवीकडून डावीकडे घ्यावे लागतात. येथेही तसेच. आपल्या नेहमीच्या संगणकात संख्येचा लहान स्थानाचा बाइट आधी येतो. एचएफएस प्लसमध्ये मोठ्या स्थानाचा आधी. हा संकेत चुकला, की आकडे आकडेच राहतात, अर्थ मात्र जातो.

१२/
आणि कालगणना! पानिपतच्या पत्रांत शुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१ दिसतो. जानेवारीतील तारखेला त्यात ६०० मिळवले की १७६१. एचएफएस प्लसचा शक १ जानेवारी १९०४ ला सुरू होतो, युनिक्सचा १ जानेवारी १९७० ला, विंडोजच्या एनटीएफएसचा १ जानेवारी १६०१ ला.

१३/
१९०४ आणि १९७० यांमधील अंतर २,०८,२८,४४,८०० सेकंद. हा आकडा वजा केल्याशिवाय गुरुजींच्या एकाही छायाचित्राची तारीख लिनक्सला कळणार नव्हती. लिनक्समधील एचएफएस प्लसचा चालक हे काम मुकाट्याने करतो. दरबारातील दुभाष्याप्रमाणे तो मध्ये बसतो. आपण आपल्या भाषेत फाइल मागतो, तो त्यांच्या रिवाजाने शोधून आणतो.

१४/
आदेश एका ओळीचा: माउंट, मग फाइल प्रणालीचे नाव, मग ‘आर-ओ’, मग विभाग, शेवटी एका रिकाम्या फोल्डरचा पत्ता. यातील ‘आर-ओ’ ही दोन अक्षरे मला सर्वांत मोलाची वाटतात. त्यांचा अर्थ: केवळ वाचीन, एक अक्षरही लिहिणार नाही.

१५/
अशा डिस्कवर बहुधा एक रोजनामाही असतो, अर्धवट राहिलेल्या नोंदींचा. लिनक्सच्या चालकाला तो रोजनामा चालवता येत नाही. म्हणून बळजबरी केली नाही, तर तो अशा डिस्कवर लिहिण्यास आपणहून नकार देतो आणि वाचण्यापुरतीच ती जोडतो. स्वतःच्या अज्ञानाची एवढी चाड पुष्कळ संपादकांनाही नसते.

१६/
एंटर दाबले. टर्मिनल काहीच बोलले नाही. युनिक्सच्या परंपरेत मौन म्हणजे यश. फोल्डरांची यादी मागितली आणि गावांची नावे एकाखाली एक उतरली. एक फोल्डर ‘शेतकऱ्यांचे कागद’. गंमत अशी, की एचएफएस प्लस त्यातला ‘ऱ’ सुद्धा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा फोडून साठवते. हाही कारकुनी रिवाजच.

१७/
तुमच्या घरीही जुनी फ्लॉपी, सीडी, डिस्क असेल. ‘उघडत नाही’ हा निकाल मानू नका. आधी प्रत, मग शिक्का, मग केवळ वाचन, या क्रमाने जा. दुरुस्ती सुचवणाऱ्या प्रत्येक खिडकीला तोवर ‘नाही’ म्हणा.

१८/
दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो. पिवळ्या पडलेल्या एका पावतीचे छायाचित्र उघडले. मी मोडी ओळीत अडकलो होतो. काकूंनी पडद्याच्या कडेला बोट ठेवले. वाऱ्याने उडू नये म्हणून कागदाचा कोपरा कुणीतरी दाबून धरला होता. “हे त्याईचेच बोटं हायेत,” त्या म्हणाल्या.