वासुदेवाची कमाई

आमच्या गल्लीत अजूनही पहाटे एक वासुदेव येतो. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या नि टाळ. ना माईक, ना साथीदार. पूर्वी सुपातून जोंधळे मिळत, आता फार तर दहाची नोट. अपार्टमेंटच्या फाटकावर तर वॉचमनच अडवतो. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्याने गाण्याच्या निमित्ताने पैसे मागणे हीसुद्धा भीकच धरली आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमे रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. मला हे मुळीच पटत नाही. (सभागृहात गायले की मानधन, आणि दारात गायले की भीक?) परवा त्याला विचारले, "मुलगा शिकतोय का गाणी?"

"नाही गुरुजी, तो रिक्षा चालवतो. बरं आहे त्याचं."