काकू पंपावरच राहिल्या

अकोल्याहून उत्तरेला निघालेला रस्ता गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडतो आणि अकोट गाठतो. तेथे डावीकडे वळून तेल्हाऱ्याची वाट धरली की सातपुड्याची निळी रांग उजव्या हाताला सोबतीला येते, ती शेवटपर्यंत साथ सोडत नाही. नरनाळ्याचा किल्ला याच रांगेत आहे. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी वारीचा हनुमान आणि वान नदीवरचे धरण आहे. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलो की खारपाणपट्ट्याची सपाट काळी जमीन लागते. कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा आणि पाण्याची सोय असेल तेथे केळी. प्रवासवर्णनात सांगावे असे एवढेच आहे, असे एखाद्याला वाटेल. परंतु वाचकहो, या मुलखातली खरी मौज रस्त्याच्या कडेला नाही, रस्त्यावरून धावते आहे. तिला जुनी माणसे अजून फटफटी म्हणतात.

एका फटफटीवर काय काय मावते, हे पाहायचे असेल तर सकाळी नवाच्या सुमारास तेल्हाऱ्याच्या वेशीवर थोडे उभे राहावे. दुधाच्या कॅन, फवारणीचा पंप, कुटाराचे पोते, शाळेची दोन मुले आणि या सगळ्यांच्या मधोमध डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले पासष्टीचे गृहस्थ. एस.टी. तिच्या वेळेवर येते, शेताला मात्र स्वतःची वेळ असते. म्हणून येथे दुचाकी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. शेतावर स्वतःच्या मर्जीने जाता येते की मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते, यावर वार्धक्यातला स्वाभिमान ठरतो. गाडीवरच्या फजितीचे किस्से इतक्या प्रेमाने सांगितले जातात, त्याचे कारणही मला यातच दिसते.

सगळ्यांत लोकप्रिय किस्सा अर्थातच पेट्रोलपंपाचा. तो प्रत्येक गावात घडलेला असतो आणि प्रत्येक गाव तो आपलाच म्हणून सांगते. शेगावच्या दर्शनाला निघालेले जोडपे पंपावर थांबते. टाकी उघडायची म्हणून काकू खाली उतरतात. पैसे देऊन काकाजी किक मारतात आणि निघतात. वाटेत तुरीचा भाव, जावयाचा स्वभाव, गुडघ्याचे दुखणे अशा सर्व विषयांवर मागे तोंड न वळवता बोलतात. पाचसहा किलोमीटरांवर ओळखीचा कोणी भेटतो आणि विचारतो, “काकाजी, काकूले कुठं सोडलं?” काकाजी मागे हात नेऊन पाहतात, तर मागे फक्त पिशवी. परत येतात तेव्हा काकू पंपाच्या सावलीत बसलेल्या असतात आणि त्यांचे एकच वाक्य पुढे वीस वर्षे नातेवाइकांत फिरते : “थांबा न बाप्पा म्हणून बोंबलली मी, पण यायचं आपलं भाषण चालू!”

दुसरा मान किल्लीचा. आठवडी बाजारात एका रांगेत एकाच कंपनीच्या, एकाच काळ्या रंगाच्या वीस गाड्या उभ्या असतात. पंधरा वर्षे वापरून झिजलेली किल्ली दुसऱ्याच्या तितक्याच झिजलेल्या कुलपात सहज फिरते. गृहस्थ घरी पोहोचतात, आणि ही कॅन आपली नव्हे, असे सूनबाईच सांगते. तोपर्यंत बाजारात दुसरा गृहस्थ आपली गाडी चोरीला गेली म्हणून चारचौघांना गोळा करून बसलेला असतो. मग चहा होतो. बहुधा दूरचे नातेही निघते.

मागच्या पिढीच्या चुकांना यंत्रांचाही हातभार होता, हे तरुणांना सांगितले पाहिजे. बजाजची चेतक स्कूटर 1972 पासून बाजारात आली. तिचा गिअर डाव्या हाताच्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि कमी पेट्रोलची चार स्ट्रोकची गाडी घरोघरी गेली, तेव्हा पायांना पुन्हा नवे वळण लावावे लागले. लग्नाच्या गडबडीत पाहुण्याची बुलेट मागून घेतलेल्या माणसाने ब्रेक म्हणून गिअर दाबला आणि मांडवाच्या दोऱ्यांत जाऊन थांबला, तर त्याला मूर्ख का म्हणावे? त्याचा पाय त्याच्या जुन्या गाडीशी प्रामाणिक होता. चेतक सुरू होईना तेव्हा तिला एका कुशीवर कलती करून पुन्हा किक मारणाऱ्या आजोबांचे दृश्यही आता दुर्मीळ झाले. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर ठेवूनच पेट्रोल भरायचे आणि नंतर, ‘अजून रिझर्व्ह आहे’ या भरवशावर वारीच्या रस्त्याला लागायचे, ही चूक तर इतकी सार्वत्रिक होती की गाडी ढकलत येणाऱ्याला कोणी कारणही विचारीत नसे.

काळ्या मातीचा न्याय मात्र सर्वांना सारखा. पहिल्या पावसानंतर पांदण रस्त्यावर गाडी घातली की गारा चाकाला लगडतो, मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरेनासे होते. मग थांबावे लागते. थांबून पाय टेकावा तर खाली घट्ट जमीन असेल याची शाश्वती नाही. पाय सरकतो आणि गाडी अगदी सावकाश, बैलाने बसकण मारावी तशी, आडवी होते. उभ्या गाडीवरून पडलेल्या माणसाची सर्वांत मोठी काळजी कोणती? आसपास कोणी पाहिले तर नाही ना, ही! आधी चारी दिशा पाहिल्या जातात, मग स्वतःचे अंग.

आणि येथेच, वाचकहो, या पाक्षिकाच्या कामाची गोष्ट सुरू होते. हसू येते ते येऊ द्यावे. परंतु साठीनंतरचा असा किस्सा घरात सांगितला जात असेल तर काळजी घेणाऱ्याने हसता हसता थोडे बारकाईने ऐकावे. एकदा घडले ते विसरावे, तेच पुन्हा घडू लागले की लक्ष द्यावे.

काकूंचेच उदाहरण घ्या. त्या ओरडल्या, तरी काकाजींना ऐकू गेले नाही. वयोमानाने येणारा बहिरेपणा प्रथम उंच पट्टीच्या आवाजांवर येतो. त्यामुळे पुरुषांचे बोलणे बरे ऐकू येते, पण पत्नीचा आणि नातवंडांचा आवाज, शब्दांतली ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटू लागतात. घरात त्याला ‘माझ्याकडे लक्षच देत नाहीत’ असे नाव मिळते. टीव्हीचा आवाजही वाढला असेल, तर रुसण्यापेक्षा कानांची तपासणी करून घेणे बरे. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो.

आणखी एक किस्सा. लग्नाला निघालेले मामाजी मंडपात उतरले तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय मोकळा. कुठे पडली, कधी पडली, काही पत्ता नाही. वऱ्हाडी मंडळी पोट धरून हसतात. एखादा मधुमेहाचा डॉक्टर मात्र हसणार नाही. पायातून चप्पल निसटली तरी न कळणे ही मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झाल्याची ओळखीची खूण आहे. अशा पायाला ब्रेकचा दाब कळत नाही, काटा कळत नाही आणि सायलेन्सरचा चटकाही उशिरा कळतो. ज्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्यावी आणि गाडीवर पट्टा असलेली सँडल किंवा बूट घालावेत. चटका बसलाच तर वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही चोपडू नये. मधुमेह्याने तो चटका लहान असला तरी डॉक्टरांना दाखवावा.

सायंकाळी परतताना खड्ड्याऐवजी सावली चुकवणारे आणि सावलीऐवजी खड्ड्यात जाणारे गृहस्थही आपण पाहिले असतील. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरच्या ट्रॅक्टरचा दिवा फुटून त्याची चांदणी होते आणि रस्ताच पुसला जातो. दिव्यांची आठवण झाली म्हणून सांगतो. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी चालू असेतो सतत जळतो, तो बंद करण्याची सोयच नसते. तरीही आमची ज्येष्ठ मंडळी समोरून येणाऱ्या प्रत्येक पोराला बोटे मिटून-उघडून ‘लाइट चालू आहे’ अशी खूण करतात. पोरे बिचारी मान डोलावतात. ही परोपकारी चूक आहे, तिच्यावर औषध नको.

पडण्याविषयी मात्र मी थोडा आग्रही आहे. उभ्या गाडीवरून झालेले पतन हे तरुणाच्या बाबतीत विनोद असते. सत्तरीत त्याच पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते, आणि तडा बारीक असेल तर माणूस चार पावले चालूनही दाखवतो. जांघेत दुखत राहिले तर क्ष-किरण तपासणी टाळू नये. डोक्याचा मार त्याहून फसवा. वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही तेथे हळूहळू रक्त साचू शकते. त्याची लक्षणे कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात : डोकेदुखी, सतत पेंग येणे, बोलण्यात असंबद्धता, एका बाजूला जोर कमी होणे, चालताना झोक जाणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो. तोपर्यंत पांदणीतली ती पडझड घरातले विसरून गेलेले असतात, कारण पडलेल्याने ती हसण्यावारी नेलेली असते, किंवा सांगितलेलीच नसते. डॉक्टरांनी ‘पडला होता का?’ असे विचारल्यावर ‘नाही’ असे उत्तर जाते आणि सी.टी. स्कॅन लांबतो. आपल्या घरी पडण्याची गोष्ट सांगणाऱ्याला आधी रागावणे होत असेल, तर ती गोष्ट पुढच्या वेळी सांगितली जाणार नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

झोप आणणारी सर्दीची गोळी, रक्तदाबाची नवी सुरू झालेली गोळी, इन्सुलिन घेऊन न्याहारी न करता शेतावर जाणे, यांचाही हिशेब ठेवावा. हेल्मेट कानावर जड वाटते, पण मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमाने ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि चष्मा हेल्मेटनंतर घातला की काडी वाकत नाही. काकूंचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण 1989 च्या नियमांतच सांगितले आहे. नवी गाडी ‘छान दिसावी’ म्हणून नातवाने ते काढून टाकले असेल तर आजीने त्याला ते परत बसवायला सांगावे. पदर खोचून घ्यावा, दुपट्टा बांधून घ्यावा.

गाडी कधी सोडावी? वयाचा आकडा मी सांगणार नाही. पंचावन्नच्या पुढे परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते ओळखीने सही करून घेण्याऐवजी खरोखर डोळे, कान, पाय दाखवून घ्यावे, एवढी संधी तरी त्यात आहे. एकदम किल्ली काढून घेणे मला बरे वाटत नाही. पहिल्यांदा रात्र सोडावी, मग शेगाव-अकोटचा मोठा रस्ता, मग पावसाळ्यातली पांदण. घर ते शेत एवढी सकाळची वाट बराच काळ राहू शकते. आणि जी वाट काढून घेतली तिच्याऐवजी दुसरी द्यावी : मंगळवारी आणि शुक्रवारी मुलगा शेतावर नेईल म्हटले की त्याने न्यावे, म्हाताऱ्याला ओट्यावर टोपी घालून बसवून ठेवू नये.

मागे बसण्याची विद्या मात्र आयुष्यभर गाडी हाकलेल्याला नव्याने शिकावी लागते. नातू चालवतो आणि आजोबांचा उजवा पाय प्रत्येक गतिरोधकाला रिकाम्या पायदाणीवर ब्रेक दाबतो. वळण आले की नातवाचा इंडिकेटर लागायच्या आधी मागून आजोबांचा हात आडवा होतो. परवा अकोटच्या वळणावर असाच एक हात बाहेर आला तेव्हा मागचा ट्रॅक्टर थांबला, त्यामागची एस.टी. थांबली, आणि नातू सरळ निघून गेला.